हळद, साबण आणि ओलं फडकं

जुनी पद्मिनी गाडी घेतलीस, आता वाटेत बिघडली तर करायचे हे उपाय शिकून घे. मोठे गुणी आहेत, पण मुक्कामापर्यंतच.

रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारा भाग, बारीक गळत असेल तर हळद. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, गरम असताना झाकणाला हातही लावू नकोस. दोन चमचे हळद कपभर पाण्यात कालवून ओत, पाणी भर आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेव. हळद फुगून भोकात बसते. जास्त घातलीस तर बारीक नळ्याच तुंबतात आणि गाडी आणखी तापते. इंदूरला परतलास की रेडिएटर धुऊन भोक डाग देऊन (सोल्डरने) बुजवून घे. तांब्या-पितळेचा असल्याने डाग छान बसतो.

पेट्रोलची टाकी पाझरली तर कपडे धुण्याचा साबण. जागा कोरडी पुसून चिरेत दाबून भर. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात मात्र विरघळतो, म्हणून पावसाळ्यात भरवसा नाही.

मे महिन्यात इंदूरजवळचा भेरूघाट चढताना गाडी गुदमरून बंद पडली, तर बहुधा टाकीतलं पेट्रोल खेचणाऱ्या पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. पंप इंजिनलाच जोडलेला, त्यामुळे तोही तापतो. बॉनेट उघड, पंपावर आणि कार्ब्युरेटरकडे (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या नळीवर ओलं फडकं गुंडाळ, पंधरा मिनिटं थांब. डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर, थेंबही पडू देऊ नकोस, नाहीतर ठिणगीच मिळणार नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा लवकर खराब होतो. नळ्या आणि पडदा आधी बदल.