दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजं घोळक्याने अटलांटिक का ओलांडायची? एकटं सुटून जाणं जास्त सेफ नव्हतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. चाळीस जहाजं एकत्र म्हणजे पाणबुडीला आयतं सावज नाही का, आणि एखादं जहाज बुडायला लागलं तर बाकीची थांबायची का. मी मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला बरीच वर्षं काढली, जानेवारीतला अटलांटिकही बघितलाय, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

आयतं सावज वाटतं, पण हिशोब बरोबर उलटा आहे. आधी तो समुद्र डोळ्यासमोर आणा. कॅनडाहून युरोपला येताना आम्हाला चार-चार दिवस दुसरं जहाज दिसलेलं नाही, आणि ते आजच्या ट्रॅफिकमध्ये. पाणबुडीचा टॉवर पाण्यापासून जेमतेम काही मीटर वर, तिथे दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला असं किती लांबचं दिसणार. आता चाळीस जहाजं वेगवेगळी सुटली तर त्याला चाळीस वेळा चान्स, आज नाही तर उद्या कोणीतरी समोर येणारच. तीच चाळीस एकत्र गेली तर समुद्रावर फक्त एक ठिपका, एका जहाजापेक्षा थोडासाच मोठा, बाकी सगळा समुद्र रिकामा. आणि सापडलाच ठिपका तरी टाइप सातच्या जर्मन पाणबुडीत टॉर्पेडो 14, नळ्या पाच, म्हणजे पहिला हल्ला करून ती परत भरेपर्यंत आणि वर एस्कॉर्ट, म्हणजे राखणीच्या युद्धनौका, मागे लागलेल्या असताना बाकीचे निघून जातात.

तुम्हाला जे वाटतंय ना तेच पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलालाही वाटायचं. एप्रिल 1917 च्या एका महिन्यात साडेआठ लाख टनांवर जहाजं बुडाली तेव्हा कुठे ते कॉन्व्हॉयला, म्हणजे राखणीखाली असं घोळक्याने जायला, तयार झाले, आणि नंतर आकडे उतरत गेले.

एकटं जाणं सेफ होतं, पण वेग असेल तरच. क्वीन मेरी आणि क्वीन एलिझाबेथ हजारो सैनिक घेऊन 28 नॉट्सच्या आसपास एकट्याच जायच्या, पाणबुडी पाण्यावर 17 आणि पाण्याखाली सात-आठ नॉट्स, ती काय गाठणार. पण साधं मालवाहू जहाज आठ-दहा नॉट्सचं, त्याला पाणबुडी रात्री पाण्यावरून आरामात ओव्हरटेक करून पुढे जाऊन वाट बघत बसायची. याची टेस्टच होऊन गेलीय म्हणा. आधी नियम होता की 15 नॉट्सच्या वरच्यांनी एकटं जायचं, 1940 च्या शेवटी माल लवकर पोचावा म्हणून ती मर्यादा 13 वर आणली, तर एकट्या जहाजांचं नुकसान इतकं वाढलं की 1941 च्या जूनमध्ये परत 15 करावी लागली. फक्त दोन नॉट्सचा फरक हो! 1942 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेच, कॉन्व्हॉय नाही, किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालू, त्या उजेडात टँकर उठून दिसायचे आणि पाणबुड्या टिपायच्या.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. पॅट्रिक ब्लॅकेट नावाचे फिजिक्सवाले नौदलासाठी आकडेमोड करायचे, त्यांच्या टीमने दाखवलं की कॉन्व्हॉय जितका मोठा तितकं दर जहाजामागे नुकसान कमी. जहाजं दुप्पट केली तरी घेर दुप्पट होत नाही, साधारण 1.4 पट होतो, म्हणजे तेवढ्याच एस्कॉर्टमध्ये जास्त जहाजं राखता येतात. जुलै 1944 मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या एचएक्स 300 या कॉन्व्हॉयमध्ये दीडशेच्या वर जहाजं होती, एकही बुडालं नाही. अर्थात तोवर लिबरेटर विमानं, नवीन रडार हे सगळं आलं होतं आणि मे 1943 मध्ये 41 पाणबुड्या गमावून जर्मन नौदलाचा प्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली होती. त्याआधी ऑक्टोबर 1940 ला एससी 7 या कॉन्व्हॉयमधल्या 35 पैकी 20 जहाजं गेली, हे पण विसरू नका, कॉन्व्हॉय म्हणजे गॅरंटी नव्हती.

आता जे पुस्तकी हिशोबात दिसत नाही ते. रांगा-रांगांमध्ये अंतर साधारण 900 मीटर, एका रांगेत मागच्या-पुढच्यात त्याहून कमी, दिवे बंद, रेडिओ बंद, धुकं. आम्ही आज रडार असून एक मैलावर दुसरं जहाज आलं की टेन्शनमध्ये येतो! सगळ्यात हळू जहाजाचा वेग तोच सगळ्यांचा वेग, म्हणून ब्रिजवरून सारखं खाली सांगायचं दोन रेव्होल्यूशन वाढव, दोन कमी कर, चार-चार तासांची वॉच अशीच. वर फनेलमधून धूर दिसला तर अख्खा कॉन्व्हॉय लांबून कळतो, म्हणजे कोळसा नीट मारणं ही बॉयलरपुढच्या माणसाची जबाबदारी, आणि टॉर्पेडो बहुतेक वेळा त्याच्याच बाजूला लागायचा. तिथून शिडीने वर यायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, तेही दिवे चालू असताना.

आणि बॉयलरपुढे बऱ्याच ब्रिटिश जहाजांवर आपली माणसं होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे साधारण चौथा हिस्सा खलाशी हिंदुस्थानी, त्यात रत्नागिरीकडचे सारंग (खलाशांचे मुकादम) आणि आगवाले (बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे), गोव्याचे कुक आणि स्टुअर्ड, सिल्हेटचे (आताच्या बांगलादेशातले) लोक. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्श्याइतका. 1939 मध्ये युद्ध लागल्या लागल्या त्यांनी संप केले, त्यासाठी तुरुंगातही गेले, तेव्हा काही वाढ मिळाली.

तुमचा दुसरा प्रश्न. नाही, थांबायचं नाही अशीच ऑर्डर, कारण थांबलेलं जहाज म्हणजे पुढचं टार्गेट. 1941 पासून कॉन्व्हॉयच्या मागे छोटी रेस्क्यू शिप ठेवायला लागले, डॉक्टरसकट, त्यांनी चार हजारांवर माणसं उचलली. पण ऑर्डर मोडणारेही होते. 5 नोव्हेंबर 1940 ला एचएक्स 84 वर अ‍ॅडमिरल शीअर ही जर्मन युद्धनौका चालून आली, एस्कॉर्ट एकच, जर्विस बे, ती सरळ तिच्या अंगावर गेली आणि बुडाली, तेवढ्यात बाकीची पांगली. त्या रात्री स्टुअरहोम हे स्वीडिश मालवाहू जहाज परत फिरलं आणि 65 जणांना घेऊन आलं, शत्रू आसपास असताना.

आणि सिटी ऑफ बनारस हे जहाज. 17 सप्टेंबर 1940, लहान मुलांना बॉम्बिंगपासून वाचवायला कॅनडाला नेत होते, 90 मुलं. एस्कॉर्ट त्याच दिवशी सोडून गेलेला, रात्री वादळात टॉर्पेडो लागला, 77 मुलं गेली, आणि लास्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशीही शंभराच्या आसपास. 12 नंबरची लाइफबोट आठ दिवस समुद्रात होती, शेवटी विमानाला दिसली. तिच्यात 46 माणसं होती, सहा मुलगे, आणि 32 लास्कर. त्या बोटीची गोष्ट सांगताना बहुतेक ठिकाणी मुलांची नावं येतात, या 32 जणांची येत नाहीत.

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं मोठं स्मारक आहे, हजारो नावं कोरलेली, पण हिंदुस्थानी खलाशांची त्यात नाहीत. त्यांची यादी, सहा हजारांच्या आसपास नावं, एका नोंदवहीत आहे, तिची एक प्रत बांगलादेशात चट्टग्रामला आणि एक आपल्या मुंबईत, मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये.