खेळाडू शाळेत येऊन जातात, मग आठ दिवसांत मुलाचा उत्साह का ओसरतो?

29 ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. त्या सुमारास शाळांमध्ये खेळाडूंना बोलावलं जातं, मुलं भारावून जातात, आणि सप्टेंबर अर्धा सरला की पालक समुपदेशनाला येतात. तक्रार ठरलेली: मुलगा आरंभशूर आहे, याचं कुठलंच ध्येय टिकत नाही. पुढची घटना तशीच आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नागपूरच्या मानेवाडा भागातला नववीचा मुलगा. शाळेत एक धावपटू ताई येऊन गेली आणि याने धावायचं मनावर घेतलं. आई म्हणाली, "आठ दिवस पाचला उठून धावून राहिला होता. साडेतीन हजाराचे बूट घेऊन दिले. आता सात वाजेपर्यंत झोपून राहते. अभ्यासातही असंच करते, मॅडम." वडिलांनी 'यापुढे काही मागायचं नाही' असं बजावलं होतं.

मुलाशी एकट्याशी बोलताना पहिला प्रश्न होता, ताईंनी काय सांगितलं? त्याला आठवत होतं ते असं: त्या पहाटे चारला उठतात, हार मानायची नाही, आणि पदक हातात घेऊन बघता आलं. धावायला कितव्या वर्षी लागल्या, सुरुवातीला किती धावायच्या, आठवड्यात विश्रांतीचे दिवस किती, यातलं भाषणात काही आलंच नव्हतं. मग त्याने दिसलं तेवढं उचललं. रात्री साडेअकराला झोपून पाचला उठायचं आणि पहिल्याच दिवसापासून डांबरी रस्त्यावर 5 किलोमीटर. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, त्याला साडेपाच मिळत होती. सहाव्या दिवशी दोन्ही नडग्या ठणकायला लागल्या. सवय नसलेल्या पायांवर कडक रस्त्यावर एकदम एवढा भार टाकला की हेच होतं. घरी त्याने सांगितलं नाही, कारण बूट नवे होते. आईला जो आळस दिसत होता, ते दुखणं होतं!

आधी दोन आठवडे धावणं बंद केलं. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असती, तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवावंच लागलं असतं; इथे तसं नव्हतं. मग नवं वेळापत्रक बनलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी, मातीच्या मैदानावर. 2 मिनिटं हळू धावणं, 1 मिनिट चालणं, एकूण 20 मिनिटं. दुखलं नाही तरच पुढच्या आठवड्यात 2 मिनिटं वाढवायची.

'राज्यात पहिलं यायचं' हे त्याचं ध्येय खोडलं नाही. ते कागदावर सगळ्यात वर लिहिलं, त्याखाली 800 मीटरची आजची वेळ, आणि सगळ्यात खाली हे तीन वार. पहिला नंबर दुसऱ्यांच्या धावण्यावरही ठरतो. वार पाळणं पूर्ण त्याच्या हातात आहे. सोबत दोन जर-तर वाक्यं त्याच्याच शब्दांत लिहून घेतली. 'शिकवणीवरून आलो की मोबाइल हातात घ्यायच्या आधी बूट घालीन.' 'पाऊस असला तर घरातच 15 मिनिटं दोरीउड्या मारीन.' नडगी दुखली असेल तर दोरीउड्याही नाहीत, हे खाली वेगळं लिहिलं. वेळ आणि जागा आधी ठरलेली असली की आयत्या वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं बरंचसं काम याच विषयावर आहे. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट धावायचं नाही, हेही ठरलं. बुडालेलं भरून काढायच्या नादातच पुन्हा दुखापत होते.

आईवडिलांना मात्र एक अवघड काम दिलं: 'आज गेला का?' हे रोज विचारायचं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगा स्वतः खूण करेल, रविवारी एकदा सोबत बसून बघायचं. आणि बुटांची किंमत काढायची नाही. वडिलांना हे जड गेलं, पण त्यांनी पाळलं.

खेळाच्या शिक्षकांशीही बोलणं झालं. खेळाडूला बोलावताना 'प्रेरणादायी बोला' असं सांगू नये, नेमके प्रश्न आधी पाठवावेत. चौदाव्या वर्षी तुमचा साधा मंगळवार कसा जायचा? शाळा आणि सराव यांची वेळ कशी जमवली? दुखापत झाली तेव्हा कोणाला सांगितलं? आपल्या नागपूरचीच बुद्धिबळपटू दिव्या देशमुख बघा. 2014 मध्ये 10 वर्षांखालील आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालील जागतिक विजेतेपद, त्यानंतर वैयक्तिक जागतिक विजेतेपद थेट 2024 मध्ये, ज्युनियर गटात, आणि 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक. 2017 ते 2024 या सात वर्षांतल्या रोजच्या सरावाबद्दल मुलांनी विचारायला हवं. भाषण 15 मिनिटांत आटोपून उरलेला तास प्रश्नांना द्यावा, आणि पाहुणे गेल्यावर त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांनी प्रत्येकाकडून एक जर-तर वाक्य लिहून घ्यावं.

सहा आठवड्यांत मुलाने 18 पैकी 13 दिवस पाळले. सहामाही परीक्षेच्या आठवड्यात दोन बुडाले, ते त्याने स्वतःच कॅलेंडरवर 'पेपर' असं लिहून ठेवले. नडगी पुन्हा दुखली नाही. सध्या तो शाळेच्या सरांकडे 800 मीटरचा सराव करतो, आणि 17 वर्षांखालील गटाच्या शालेय स्पर्धेत पुढच्या वर्षी उतरायचं की नाही, हे सर आणि तो मिळून जूनमध्ये ठरवणार आहेत.