चाळीस टक्के म्हणजे कशाचे?

प्रश्न : माझ्या भावाला आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. नोकरी सुटली, सांगितल्याशिवाय अंघोळही करत नाही. तरी प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आलं. असं कसं? (वाचक, सांगली)

उत्तर : मानसिक आजारात टक्का निदानावरून ठरत नाही, ‘आयडियाज’ या मापनश्रेणीवरून ठरतो. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे १ ते ४. बेरीज ७ पर्यंत असेल तर ४० टक्क्यांच्या आत, ८ ते १३ ला ४० ते ७० टक्के. आठ वर्षांच्या आजाराचे ३ गुण मिळतात. म्हणजे चारही बाबींत मिळून भावाच्या पदरात फार तर ४ पडले. नोकरी सुटलेल्या माणसासाठी हे कमीच वाटतात.

घोळ बहुतेकदा प्रमाणपत्रासाठीच्या मुलाखतीतच होतो. ‘अंघोळ करतो का?’ असं विचारलं की घरचे ‘करतो’ म्हणून मोकळे होतात. चारदा सांगावं लागतं, पाणी काढून द्यावं लागतं, कपडे हातात द्यावे लागतात, हे सांगायचं राहून जातं. वर त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून नेलेलं असतं! वाढवून सांगू नका, पण झाकूही नका. चार बाबींची चार शीर्षकं करून प्रत्येकीखाली अलीकडची दोन-तीन उदाहरणं लिहून न्या. उपचाराचा सर्वांत जुना कागद शोधा. तो नसेल तर कालावधी कमी धरला जाण्याची भीती असते. नोकरी सुटल्याचं पत्रही जोडा. निर्णय मान्य नसेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

प्रश्न : पक्षाघातानंतर आईला ७५ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं. तिला दिवसभर माणूस लागतो, तरी प्राप्तिकरात तिचं दिव्यांगत्व ‘तीव्र’ धरत नाहीत. (वाचक, ठाणे)

उत्तर : प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीची (अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठीची) वजावट ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून, म्हणजे ‘तीव्र’ दिव्यांगत्वाला, १,२५,००० रुपये आहे. मधल्या टक्क्यांना मधली रक्कम नाही. आणि हातापायांच्या बाबतीत टक्का मुख्यतः ताकद, सांध्यांची हालचाल, तोल यांवरून निघतो. घरात माणूस किती तास लागतो, हे त्यात थेट मोजलं जात नाही.

त्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वेगळी तरतूद आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला ‘उच्च आधाराची गरज’ असेल तर कलम ३८ खाली अर्ज करता येतो. रोजची कामंच नव्हेत, निर्णय घेण्यासाठी लागणारी मदतही या व्याख्येत येते.

अर्जाआधी फिजिओथेरपिस्टकडून बार्थेल निर्देशांक भरून घ्या. त्यात दहा कामं असतात : जेवणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत येणं, चालणं, जिना चढणं. कमाल गुण १००. इथे एक चूक हमखास होते. आई काय ‘करू शकेल’ ते नव्हे, ती प्रत्यक्षात काय करते ते नोंदवायचं असतं. नुसतं शेजारी उभं राहावं लागत असेल, तरी ते काम ‘स्वतंत्रपणे’ केलेलं धरत नाहीत.

प्रश्न : मुलाला लिहिताना हाताला पेटके येतात, पण दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे. परीक्षेत लेखनिक मिळेल का? (वाचक, पणजी)

उत्तर : हो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच तक्रारीच्या उमेदवाराला लेखनिक द्यायला सांगितलं. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे. समान संधीसाठीच्या सोयी त्या आकड्याला बांधता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. प्रमाणपत्रात मात्र आजाराचं नाव एवढंच असून भागत नाही, ‘लेखनक्षमतेवर मर्यादा’ हे शब्द हवेत. परीक्षेच्या सूचनांसोबतचा नमुनाच डॉक्टरांकडून भरून घ्या आणि लेखनिकाची मागणी अर्ज भरतानाच नोंदवा.