शेंद्र्यात बोर्ड बनवण्याआधी लेओबेनचा इतिहास

आपल्या कुटुंबाचा छत्रपती संभाजीनगरात इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांवर (पीसीबी) सुटे भाग बसवून देण्याचा जॉबवर्कचा व्यवसाय आहे, आता कोरे बोर्डही स्वतःच बनवावेत म्हणून शेंद्र्यात जागा पाहणे चालू आहे, आणि त्याआधी या क्षेत्रातील एखादी मोठी कंपनी नेमकी कशी वाढली हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझी नोकरीची बरीच वर्षे चिकलठाणा आणि वाळूज येथे प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा थर चढवण्याच्या, टाक्यांशेजारी गेली असल्याने उत्तर देण्याचे धाडस करतो. उदाहरण म्हणून ऑस्ट्रियातील लेओबेन येथील एटी अँड एस ही बोर्ड बनवणारी कंपनी घेतो, कारण तिचा एक कारखाना शेजारच्या कर्नाटकात आहे आणि तिच्या वाटचालीत या धंद्याची सगळी दुखणी दिसतात.

मुद्रित सर्किटची कल्पना ज्याच्या नावावर साधारणपणे मांडली जाते तो पॉल आयस्लर हाही ऑस्ट्रियाचाच, व्हिएन्नाचा. १९०७ साली जन्मलेला हा ज्यू अभियंता १९३६ मध्ये इंग्लंडला गेला आणि तांब्याच्या पातळ पत्र्यावर छपाईच्या तंत्राने नक्षी उमटवून, नको असलेले तांबे आम्लाने खाऊन टाकण्याची पद्धत त्याने रेडिओसाठी वापरून दाखवली. हाताने तारा जोडणाऱ्या कामगारांची मजुरी इतकी कमी होती की कारखानदारांना या पद्धतीचे अप्रूप वाटले नाही. १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केले खरे, पण या तंत्राला मोठी चालना मिळाली ती युद्धात तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी (लक्ष्याजवळ पोचताच गोळा फोडणारी कळ) अमेरिकेने ते वापरल्यावर, आणि १९४८ नंतर ते नागरी उद्योगाला खुले झाल्यावर. मजुरी स्वस्त असेल तोवर यंत्राला कोणी विचारत नाही, हा अनुभव आपल्याकडच्या कारखानदारीलाही नवा नाही.

एटी अँड एसची स्थापना १९८७ सालची, पण ती कोणा एकाने शून्यातून उभारलेली कंपनी नव्हे. लेओबेन हे स्टायरिया प्रांतातले मुर नदीकाठचे पोलादाचे गाव, आणि तिथला बोर्ड विभाग फोएस्ट-आल्पिन या सरकारी पोलाद उद्योगाचा होता. फोन्सडॉर्फचा कारखाना सिनेप्रोजेक्टर बनवणाऱ्या, पुढे बुडालेल्या ऑयमिग कंपनीकडून आलेला. १९८५ मध्ये फोएस्ट-आल्पिन प्रचंड तोट्यात गेल्यावर सरकारी उद्योगांची जी फेररचना झाली, तिच्यात हे विखुरलेले विभाग एका छत्राखाली आले. म्हणजे पोलाद आणि प्रोजेक्टर यांच्या पडझडीतून उरलेली माणसे आणि यंत्रे हेच या कंपनीचे पहिले भांडवल. १९९४ मध्ये सरकारने ती विकली तेव्हा हान्नेस आंद्रोश, विली ड्योर्फ्लिंगर आणि हेल्मुट त्सोइडल यांनी ती घेतली. यांपैकी आंद्रोश हे १९७० ते १९८१ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. भांडवलाच्या बाजारात वजन असलेला माणूस मालकांमध्ये असणे किती महत्त्वाचे ठरले असेल, याचा अंदाज पुढच्या गुंतवणुकींवरून येतो.

आता बोर्ड बनवताना पैसा जातो कुठे, हे पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. काचेच्या कापडात इपॉक्सी मुरवलेले, सामान्यतः १.६ मिलिमीटर जाडीचे आणि दोन्ही बाजूंना ३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तांबे असलेले लॅमिनेट बाजारात तयार मिळते. नक्षी उमटवणे आणि एचिंग करणे, म्हणजे नको असलेले तांबे खाऊन टाकणे, हे तुलनेने सोपे काम आहे, खरी परीक्षा दोन्ही बाजूंची नक्षी जोडणाऱ्या छिद्रात असते. ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडलेल्या छिद्राची भिंत काच आणि इपॉक्सीची, म्हणजे वीज न वाहणारी असते. ती आधी रसायनाने स्वच्छ करायची, तिच्यावर पॅलेडियमचे कण बसवायचे, त्यांच्या आधारे विजेशिवाय तांब्याचा अगदी पातळ थर चढवायचा, आणि मग विजेच्या प्लेटिंगने तो सुमारे २५ मायक्रॉनपर्यंत वाढवायचा. यातील प्रत्येक टाकीनंतर धुणे आलेच. एका धुण्यात कसर झाली की दोष लगेच दिसत नाही. बोर्ड सोल्डरच्या उष्णतेतून गेल्यावर छिद्रातले तांबे चिरते किंवा पदर सुटलेल्या पोळीसारखे थर विलग होतात, आणि तोवर ग्राहकाने त्याच्यावर महागडे भाग बसवलेले असतात. ज्यांनी अशा परत आलेल्या लॉटचे छेद कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत, त्यांना धुण्याच्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

साध्या दोन थरांच्या बोर्डात हे तंत्र सर्वांना येऊ लागले की भाव कोसळतात. एटी अँड एसने केलेली मोठी गोष्ट ही, की भाव कोसळण्याची वाट न पाहता ती दर खेपेस अधिक अवघड बोर्डाकडे सरकत गेली. मोबाइल फोन लहान होऊ लागले तेव्हा तिने लेसरने पाडलेल्या, सुमारे ०.१ मिलिमीटरच्या छिद्रांचे दाट बोर्ड हाती घेतले. १९९९ मध्ये ती फ्रँकफुर्टच्या शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षी म्हैसूरजवळच्या नंजनगूड येथील इंडाल इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तिने घेतला. २००२ मध्ये शांघायचा कारखाना सुरू झाला. मोठ्या संख्येचे फोनचे काम तिकडे, आणि लहान संख्येचे, वाहनांचे व औद्योगिक काम ऑस्ट्रिया व भारतात, अशी विभागणी होत गेली. २०१६ पासून चीनमधील चोंगचिंगमध्ये तिने चिपखालचे सबस्ट्रेट, म्हणजे चिप ज्यावर बसते ते बारीक बोर्ड, बनवायला घेतले, ज्यातील रेषा काही मायक्रॉनांच्या हिशेबात मोजतात, आणि २०२१ मध्ये मलेशियातील कुलीमचा कारखाना जाहीर केला. या झेपेचे ओझेही मोठे आहे: २०२४ मध्ये कोरियातील आपला कारखाना विकण्याचा करार कंपनीला करावा लागला. नफ्यातला भाग विकून अवघड भागाला पैसा पुरवणे मला धोक्याचे वाटते, पण लेओबेनला बसून त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता असेही म्हणवत नाही.

आता मराठवाड्याकडे येतो. आपल्याकडे टीव्हीच्या कारखान्यांच्या काळात तपकिरी फिनॉलिक कागदाच्या एका बाजूच्या बोर्डांना मागणी असे. टीव्ही सपाट झाले, बोर्ड तयारच आयात होऊ लागले, आणि २०१८ मध्ये टीव्ही बनवणारी व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्यावर त्या मागणीचे उरलेसुरले अवशेषही गेले. आज मागणी आहे ती वाहनांच्या बाजूने. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि बिडकीनला विजेवरील वाहनांची गुंतवणूक जाहीर झाली आहे. चार्जर आणि मोटर कंट्रोलर यांना ७० किंवा १०५ मायक्रॉन तांब्याचे बोर्ड लागतात. त्यांचे थर कमी असतात, पण एचिंग व सोल्डर मास्क (नको तिथे सोल्डर चिकटू न देणारा लेप) जपून करावे लागतात, आणि संख्या मध्यम असते. लहान कारखान्याने शिरायचे असेल तर याच फटीतून शिरावे, फोनच्या बोर्डांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संरक्षणही काही प्रमाणात मिळाले आहे. चीन व हाँगकाँगमधून येणाऱ्या सहा थरांपर्यंतच्या कोऱ्या बोर्डांवर २०२४ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क (पडेल भावाच्या आयातीवरील जादा कर) लागू झाले, आणि मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्यात मल्टिलेअर, म्हणजे अनेक थरांच्या, बोर्डांचा समावेश आहे. मात्र या योजनेला गुंतवणुकीची किमान मर्यादा आहे, तेव्हा अनुदान गृहीत धरून कर्जाचा हिशेब मांडू नये.

अडचण पाण्याची आहे. नंजनगूड कपिला नदीच्या काठी आहे, आपण जायकवाडीच्या भरवशावर. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने येथील उद्योगांच्या पाण्यात कपात झाली होती, आणि प्लेटिंगची ओळ अशी अर्ध्यावर थांबवता येत नाही. म्हणून धुण्याच्या टाक्या पहिल्या दिवसापासून उलट्या क्रमाने जोडाव्यात, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत येऊन मागे वाहत जाते आणि तेच पाणी दोन-तीनदा उपयोगी पडते. सांडपाण्यातले तांबे काढणारा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) हा यंत्रांच्या अंदाजपत्रकातच धरावा, नंतर बघू म्हणून ठेवू नये. माणसांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठ परिसरातील नायलिट या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्थेच्या केंद्रात आधी चौकशी करावी.

शेवटी एक विनंती. सध्या आपले ग्राहक कोणत्या जाडीचे, किती थरांचे आणि किती तांब्याचे बोर्ड बाहेरून मागवतात आणि महिन्याला साधारण किती चौरस मीटर, एवढी माहिती इथे द्यावी. छिद्रांची प्लेटिंग आपण स्वतः उभारावी की सुरुवातीला ती बाहेरून करून घ्यावी, याचे उत्तर त्या आकड्यांवर अवलंबून आहे.