आईची गोळी बंद करू का?

प्रश्न : आई ७८ वर्षांची, अल्झायमर आहे. महिन्यापूर्वी डोनेपेझिल ५ वरून १० मिलिग्रॅम केलं. तेव्हापासून जेवण तुटलंय, झोपेत दचकते. परवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळी बंद करू?

उत्तर : तुम्ही अंधारी शेवटी लिहिलीत, मी तिथूनच सुरू करते. ही गोळी ॲसिटिलकोलीन हे रसायन मोडणारं विकर (एन्झाइम) अडवते. मेंदूत ते रसायन टिकतं, म्हणून आठवणीला थोडा टेकू मिळतो. पण तेच रसायन हृदयाची गती मंदावतं आणि आतड्यांना चाळवतं. त्यात बीटा-ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी देतात ती नाडी मंदावणारी गोळी, चालू असेल, तर नाडी फारच उतरू शकते. आजच मिनिटभर मोजा. पन्नासच्या खाली असेल किंवा पुन्हा अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, ईसीजी लागेल.

मनाने बंद करू नका. मात्र परत ५ वर येता येतं का, हे जरूर विचारा. मी तरी तेच विचारलं असतं. झोपेत दचकवणारी स्वप्नं कमी व्हावीत म्हणून रात्रीची गोळी सकाळी देतात. वजन दर आठवड्याला करा.

आणि हो, लघवी आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन चालू आहे का? ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट ओढतं. सगळ्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या.