तुझी स्क्रिप्ट वाचली

अरे, गॅदरिंगसाठी पाठवलेली तुझी कोरोनाच्या दिवसांवरची कॉमेडी स्क्रिप्ट काल रात्री वाचली, दोनदा वाचली, आणि आधी हे सांगतो की हसलो, इतका की बायको उठून बघायला आली काय झालं म्हणून. २०२१ ला परीक्षाच झाली नाही तरी दहावीचा निकाल ९९.९५ टक्के, आणि त्यावर तुझं "उरलेल्या ०.०५ मध्ये जायला नेमकं करायचं काय होतं" हे एकदम कडक आहे, त्याला हात लावू नको. थाळ्या बडवायचा जोक मात्र काढ, २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून सगळ्या महाराष्ट्राने तो करून झालाय.

फोनवाला भाग पण भारी. फोन वाजतोय, तू नुसता बघत बसलायस, वाजायचा थांबला की लगेच मेसेज, "बोल ना भाई, बिझी होतो". अर्धी पब्लिक तेच करते, आणि मी ४३ वर्षांचा घोडा, मीही करतो.

पण मास्क न काढणाऱ्या मुलीचा जोक काढ. "वेडी" म्हणून हशा मिळेल रे, पण ती चौथ्या रांगेत बसलेली असेल. स्वतःची काय उडवायची ती उडव.

आता आजोबांची ओळ. "पार्सलसारखं पॅक करून नेलं, तोंड पण बघू दिलं नाही" आणि लगेच पुढच्या वाक्यात वायफाय. अख्ख्या स्क्रिप्टमध्ये टायपिंगच्या चुका फक्त त्याच ओळीत आहेत, तीन. म्हणजे तू तिथनं पळालायस. पळालास की समोरच्याला कळतंच, त्यामुळे एकतर तिथे थांबायचं, शांतता झाली तर होऊ द्यायची, नाहीतर ती ओळ यंदा स्टेजवर न्यायचीच नाही, आधी कुणाला तरी जोक न करता साधी सांगायची. मला दुसरं बरोबर वाटतं.

माझंच सांगतो. दुसऱ्या लाटेत मी रोज ग्रुपवर मीम टाकायचो, सगळे म्हणायचे याचं बरंय, आणि मी रात्री तीन-तीनदा उठून बोटाला ऑक्सिमीटर लावायचो, धडधाकट असताना, पार २०२२ संपेपर्यंत. त्यावर पण जोक केलेला मी, चांगला चालला, लोक हसले की पुढे काही विचारत नाहीत ना. ते मशीन अजून ड्रॉवरमध्ये आहे, सेल काढून ठेवलेत.

साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, फटका तरुणांना आणि बायकांना जास्त, तेव्हा "मलाच काय झालंय" हे जे तू शेवटी लिहून खोडलंयस (खोडलेलं दिसतं रे फाइलमध्ये) ते एकट्या तुझं नाही. टेली मानस म्हणून मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री पण. स्क्रिप्टमध्ये घालू नको, सरकारी जाहिरात वाटेल, फोनमध्ये सेव्ह कर.

आणि शनिवारी सातला मी कॉल करतोय, मेसेज नाही. बिझी असलास तरी उचल.