सॉफ्टबॉलचं ग्राउंड आखताय ना? मग आधी हे वाचा

सर, टेप नंतर काढा, आधी शाळा सुटल्यावर ग्राउंडवर उभं राहून ऊन कुठनं येतंय ते बघा. होम प्लेट (जिथं उभं राहून बॅटर बॉल मारतो ती पाटी) पश्चिम-नैऋत्येला अन् सेकंड बेस (होमच्या समोरचा, धावताना शिवायचा दुसरा टप्पा) पूर्व-ईशान्येकडं घ्या, म्हणजे बॅटरच्या डोळ्यावर मावळतीचं ऊन येत नाही.

आता काटकोन. तो अंदाजानं काढूच नका, बेस तिरके गेले की सगळं ग्राउंड वाया. होमच्या मागच्या टोकाला खुंटी ठोका, तिथनं सेकंडच्या मध्यापर्यंत 84 फूट 10¼ इंच सुतळी ताणा, मग दोन्हीकडनं 60-60 फुटांचे टेप धरून जिथं जुळतील तो फर्स्टचा कोपरा, दुसऱ्या अंगाला तसाच थर्डचा. फर्स्ट-थर्डच्या बॅगा (बेस म्हणून ठेवायच्या चौकोनी गाद्या) रेषेच्या आत बसतात, सेकंडचा मात्र मध्य खुणेवर, इथं बरेच जण चुकतात. पिचिंग प्लेट (बॉल टाकणाऱ्यानं पाय ठेवायची पट्टी) मुलींना 43 फूट, मुलांना 46, तेही होमच्या मागच्या टोकापासनंच मोजायचं, भोवती 8 फूट त्रिज्येचं वर्तुळ.

होमच्या मागं बॅकस्टॉपला (बॉल अडवायच्या जाळीला) 25-30 फूट सोडा, आउटफिल्ड (बेसच्या पलीकडचं मोकळं मैदान) होमपासनं 200 फुटांच्या आसपास मिळालं तर उत्तमच.

अन् साताऱ्याच्या पावसात काळ्या मातीत पाय रुततात, पोरी घसरून पडतात, म्हणून इनफिल्डला (बेसच्या आतल्या भागाला) बारीक चाळलेला मुरूम टाकून रोलर फिरवा, उतार बाहेरच्या बाजूला द्या, फक्की त्यानंतरच मारा.